अकरा मिनिटांची सरळ रेघ

एक

अभिमन आबा सोमवारी सकाळी सव्वानऊला वारले, असं घरचे सांगत होते, गाव सांगत होतं, गावच्या डॉक्टरांचा दाखलाही तेच सांगत होता. फक्त एकच साक्षीदार वेगळं बोलत होता. तो काडेपेटीहून थोडा मोठा होता, बॅटरीवर चालत होता आणि खोटं बोलायची अक्कल त्याला कुणी दिलेली नव्हती.

हा साक्षीदार बुधवारी सकाळी चांदभाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून आणून मेघाच्या टेबलावर ठेवला. जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला मेंदूविकाराचा एक छोटा दवाखाना आहे, तिथं मेघा तंत्रज्ञ. चांदभाई तिथल्याच चौकात गाडी भाड्यानं चालवतात. पेशंट गावी सोडायचे, यंत्रं परत आणायची, ही कामं वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच.

"हे घ्या मेघाताई, तुमचं होल्टर. पेशंट अल्लाला प्यारा झाला, यंत्र सलामत आहे," चांदभाई म्हणाले आणि लगेच जीभ चावली. आबा त्यांना आवडायचे.

आबांना तीन आठवड्यांपूर्वी लकवा मारला, तेव्हा ते मुलाकडे, योगेंद्रकडे, जळगावलाच होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती, पण ती आली कुठून ते सापडेना. अशा वेळी संशय हृदयावर असतो. हृदय मधूनच बेताल होतं, आतलं रक्त साकळतं, त्याची गुठळी होते आणि ती वर मेंदूत जाऊन बसते. अडचण अशी की हे बेताल होणं चोरासारखं असतं. डॉक्टरांनी दहा मिनिटं ईसीजी काढला तर हृदय शहाण्या मुलासारखं वागतं. म्हणून छातीला पाच चिकट पट्ट्या आणि तारा लावून ही ठोके टिपणारी होल्टरची डबी तीन दिवस अंगावर ठेवायची. आबांना ती शुक्रवारी दुपारी बारा वाजता मेघानंच लावली आणि चांदभाईंच्याच गाडीतून घरचे त्यांना शिंदखेड्याजवळच्या गावी घेऊन गेले. रविवारी घरी कानबाई, म्हणजे श्रावणातली कुळाची देवी, बसणार होती. खान्देशातल्या माणसाला कानबाईपासून अडवणं डॉक्टरांच्याही हातात नसतं.

मेघानं डबीतली नोंद कॉम्प्युटरवर उघडली. शुक्रवार ठीक. शनिवार ठीक. रविवारी दुपारपर्यंत ठोके संथ आणि एकसारखे. चार वाजून सात मिनिटांनी रेघ वेडीवाकडी नाचली आणि सरळ झाली.

अगदी सरळ. मेघा पुढं सरकत गेली. एक मिनिट, दोन, पाच, अकरा. अकरा मिनिटं एकही ठोका नाही. मग तीन मिनिटं नुसती खरखर. आणि चार वाजून एकवीस मिनिटांनी पुन्हा ठोके सुरू झाले. चांगले ठणठणीत. ते सोमवारी सकाळी आठ बावन्नपर्यंत चालले होते.

मेघानं हात मागं घेतला. बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, पंखा फिरत होता, सगळं नेहमीसारखं होतं. अकरा मिनिटं बंद पडलेलं हृदय घरी, खाटेवर, आपोआप सुरू होत नाही.

दोन

"पट्टी सुटली असेल," डॉक्टरसाहेब म्हणाले. त्यांच्या बाहेर सतरा पेशंट बसले होते. "घरच्यांनी परत चिकटवली. झालं."

"साहेब, सुटलेली तार थरथरते. पंख्याची, अंगाची, कसली ना कसली खरखर पकडते. ही रेघ शांत आहे. म्हणजे तारा छातीलाच होत्या. छातीत काही नव्हतं."

मेघाचा हा स्वभावच होता. दवाखान्यात तिला पाठीमागं 'वकीलबाई' म्हणायचे. डॉक्टरांनी चष्मा काढला, खुर्ची ओढली आणि नीट पाहिलं. आधीचा ठोका आणि नंतरचा ठोका शेजारी शेजारी ठेवले.

"उलटा आहे," ते हळूच म्हणाले.

पहिल्या बावन्न तासांत प्रत्येक ठोक्याचं टोक वर होतं. चार एकवीसनंतर प्रत्येकाचं टोक खाली. उजवीकडची तार डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे गेली की असं होतं.

"साहेब, मी तुमच्यासमोर उभी आहे," मेघा म्हणाली. "तुमच्या छातीवरच्या तारा बघून मला त्या तिसऱ्या कुणाला लावायच्या असतील, तर तो माणूसही माझ्यासमोरच असणार. जशा दिसतात तशा लावीन, चुकणार नाही. पण त्या मी माझ्याच अंगावर लावल्या, तर? समोर जी तार माझ्या डाव्या हाताला दिसते, ती मी माझ्या डाव्या बाजूला लावीन. ती तर तुमची उजवी बाजू होती. सगळं उलटं होणार."

"म्हणजे आबांच्या छातीवरून कुणीतरी यंत्र काढलं..."

"आणि स्वतःच्या हातानं स्वतःला लावलं. सोमवारी सकाळी परत आबांना."

चांदभाई दारात चहाचा कप घेऊन उभे होते. ते एकदम म्हणाले, "तरीच."

"काय तरीच?"

"मी सोमवारी मयतीला होतो ना. अकराला आंघोळ घालत होते. हात छातीवर जुळवायचे, तर जुळेनात. लाकडासारखे. मी म्हटलं, आत्ता नवाला गेलेला माणूस दोन तासांत एवढा कडक कसा झाला? लोक म्हणाले, लकव्याचं अंग आहे." चांदभाईंनी कप खाली ठेवला. "पण कडक तर दोन्ही हात होते."

माणूस आदल्या दिवशी दुपारीच गेला होता आणि घरानं त्याला रात्रभर जिवंत ठेवलं होतं.

"पोलिसांचं काम नाही हे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "मरण नैसर्गिकच दिसतंय, रेघेत दिसतंय. कारण काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. फाइल बंद कर."

"साहेब, रात्रीचं बघा ना."

डॉक्टरांनी पाहिलं. त्या उलट्या ठोक्यांमध्ये रात्री साडेदहापासून पहाटे साडेचारपर्यंत कसलाच ताल नव्हता. एक ठोका घाईत, एक उशिरा, मग तीन धावत सुटलेले, मग थांबल्यासारखा एक. आबांच्या छातीत जे बावन्न तास शोधून मिळालं नव्हतं, ते या दुसऱ्या छातीत सहा तास सलग होतं.

"हा जो कोण आहे," मेघा म्हणाली, "त्याला पत्ताही नाही. आबांना झालं तेच त्याला उद्या होईल, नाहीतर महिन्यानं. रक्त पातळ करायची गोळी सुरू केली तर वाचेल. पण गोळी देणार कुणाला?"

तीन

गुरुवारी मेघा आणि चांदभाई दारावर बसायला, म्हणजे दुखवट्याच्या भेटीला, म्हणून गावात पोचले. मेघाच्या मांडीवर ईसीजीचं छोटं यंत्र होतं. निमित्त तिनं गाडीतच ठरवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हा आजार घराण्यात असू शकतो, सगळ्यांची तपासणी करून घ्या.

ओसरीवर माणसं बसली होती. आतल्या खोलीत आबांची खाट भिंतीशी उभी केलेली, तिच्या जागी दिवा आणि दिव्याखाली परातीत पसरलेलं पीठ. पिठात कशाचं पाऊल उमटतं त्यावरून गेलेला कुठल्या जन्माला गेला ते बघायची रीत आहे. मेघाचं लक्ष पिठाकडे नव्हतं. जमिनीवर, जिथं खाटेचे चार पाय असणार, तिथं हळदीची चार पिवळी कडी होती. तिनं ते पाहिलं आणि त्या वेळी त्याचा अर्थ तिला लागला नाही.

आबांचा धाकटा भाऊ प्रेमराज साठीचा, आवाजानं दणकट. यंत्र पाहताच तो भडकला. "ताई, भाऊ गया आमना. आते त्या डबडानं काय करतस तुम्हीन? बठ्ठं खोटं शे ते!"

"नाना, रविवारी चार वाजता तुम्ही कुठं होतात?"

प्रश्न जरा जास्तच सरळ आला. प्रेमराजनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "आंगनमा खड्डा खंदी राहिंतू. रोटनं उष्टं बुजाडाले. काब्र?"

"सहज विचारलं."

"दोन साल कानबाई बठनी नही. दोन्ही साल सूतक. औंदा बठनी, तिनं इसर्जन व्हयनं नि मंगच भाऊ गया. पुण्यवान मानूस!" म्हणता म्हणता तो उठून गोठ्याकडे गेला.

मेघाला पहिला संशय त्याचाच आला, हे कबूल केलं पाहिजे. ज्याला यंत्राचा एवढा राग, त्याला यंत्राची भीती असणार, असं तिचं गणित. पण तपासणीला सगळ्यात आधी छाती उघडून प्रेमराजच बसला. त्याच्यामागून योगेंद्र, योगेंद्रची बायको पुनम, आबांची बायको प्रमिलाबाई आणि आबांची थोरली बहीण सुगंधाबाई. सुगंधाबाई सडसडीत, चटपटीत, केस पांढरेशुभ्र. दर कानबाईला ती सासरहून माहेरी यायची; या वेळी शुक्रवारी आबांना न्यायला दवाखान्यातही आली होती.

"मनं काळीज दखस का वं माय?" ती हसून म्हणाली. "त्यामा काय नही. दगड व्हयेल शे."

आबांच्या खाटेजवळ ये-जा असणारी घरची माणसं एवढीच. पाच जणांच्या पाच पट्ट्या मेघाच्या हातात आल्या. पाचही स्वच्छ. ठोक्यामागं ठोका, सारखं अंतर, कुठं वेलांटी चुकलेली नाही. कागदावरून माणूस ओळखायला ते काही बोटांचे ठसे नव्हेत. यांच्यातल्या एकाच्या छातीत ते होतं, आणि ते मेघासमोर श्वास रोखून दडून बसलं होतं.

चार

यंत्रानं नाही सांगितलं तर माणसांनी सांगावं लागतं. मेघा पुनमजवळ चुलीपाशी जाऊन बसली. पुनम जळगावची, शिकलेली, रडून डोळे सुजलेले. तिनं मोबाइल काढून कानबाईचे फोटो दाखवले. नाकात नथ घातलेला नारळ, पाटावरचा शालू, फुलांची कमान. मग रविवारी संध्याकाळी सहाच्या आरतीचा व्हिडिओ. पुढं योगेंद्र आणि प्रेमराज, दोघंही सोवळ्यात, कमरेला पितांबर आणि वर उघडे. टाळ्या वाजवताना त्यांच्या छातीवरचा घाम दिसत होता. पट्ट्या नव्हत्या, तारा नव्हत्या.

सहा वाजता यंत्र कुणाच्या तरी अंगावर होतंच. मेघानं मनातल्या मनात दोन पुरुष बाजूला केले. प्रेमराजची तिनं मनातच माफीही मागितली.

"आणि जेवायला कधी बसलात?"

"सातला. कानबाईच्या नैवेद्याचे रोट आमचे भाऊबंदच खातात ना, एकाच आडनावाचे. दार आतून लावून घेतात. बायका-माणसं सगळी एका पंगतीत. आणि पान वाढलं की उठायचं नाही. हातसुद्धा तिथंच धुवायचा, ते पाणी खड्ड्यात बुजवायचं. पाऊण तास पाय मोडून आले माझे. आणि माझ्यासमोर यांचे सुरतचे चुलतभाऊ बसून हसवत होते."

मेघानं पिशवीतून नोंदीचा कागद काढला. या डबीत चालण्याबसण्याची नोंदही पडते. रविवारी सात ते पावणेआठ: सतत चालणं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, एक मिनिटही बसणं नाही.

म्हणजे पुनम नव्हे. पंगतीत बसलेलं कुणीच नव्हे.

"पंगतीत नव्हतं कोण?"

"आई. आबांजवळ होत्या. त्यांचं पान मी पंगतीआधीच खोलीत नेलं, तर म्हणाल्या पोट बिघडलंय, नको. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी रोट खाल्ला नाही." पुनमनं डोळे पुसले. "बाकी बाहेर परकीच माणसं."

प्रमिलाबाई खोलीत दिव्याजवळ बसल्या होत्या. मेघा समोर बसली. तिनं हळदीच्या कड्यांकडे बोट दाखवलं.

"मुंग्या," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मुंग्या चढी राहिंत्यात."

"रविवारी?"

"रातले. मी हळद टाकी. वारा घालत बठनू. तोंडवरथीन काढ्यात, डोयावरथीन काढ्यात." त्यांचा आवाज एका पट्टीत चालला होता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगत होत्या. "सकायलोंग."

झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर मुंग्या चढत नाहीत. ही बाई सतरा तास मेलेल्या नवऱ्याजवळ बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला 'झोपेल शेत' म्हणून सांगत, त्याच्या चेहऱ्यावरून मुंग्या वेचत होती. म्हणूनच तिनं रोटाला हात लावला नाही. घरात सूतक आहे, हे पंगतीत बसलेल्या साठ जणांना माहीत नव्हतं आणि तिला माहीत होतं.

पण यंत्र तिच्या अंगावर नव्हतं. सोमवारी सकाळी साडेसात ते साडेआठ, नोंदीत जवळजवळ चार हजार पावलं होती. कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर गेली, ती वेळ. आणि अख्खा गाव सांगत होता की प्रमिलाबाई खाटेपासून हलल्या नाहीत.

पाचातले चार संपले. उरलेलीला मेघानं मोजलंच नव्हतं, कारण ती घरचीच, पंगतीत बसलेली असणार असं तिनं धरलं होतं. ती धावत चुलीपाशी आली.

"पुनमताई, तुमच्या आत्याबाई पंगतीत कुठं बसल्या होत्या?"

पुनम नवलानं बघत राहिली. "आत्या? आत्याला कसा चालेल रोट? ती देल्या घरची. लग्न झालं की लेक परकीच ना."

पाच

सुगंधाबाई परसात तुळशीजवळ भांडी घासत होती. मेघा तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि आवाज खाली ठेवून एवढंच म्हणाली, "आत्या, तारा उलट्या लागल्या तुमच्याकडून."

राखेचा हात थांबला. तांब्या पुन्हा एकदा घासून झाला, विसळून झाला, पालथा घालून झाला. मग ती म्हणाली, "कोनले सांगं?"

"कुणालाच नाही."

"भाऊजवळ मीच व्हतू. वहिनी आरतीनं ताट कराले गयथी. भाऊनी एकदाव मनाकडे दखं, नि गया. मी हाक मारी, हलाडं. काय नही." तिनं पदरानं नाक पुसलं. "बाहेर कानबाई बठेल. रोट भाजायेल. सुरतथून पोरं येयेल. दोन साल मोडनं, आते तिसरा साल बी मोडी? मी म्हनं, सकायलोंग भाऊले जाऊ द्यावानं नही. माले सूतक तीन दिनचं, मी दुसरा घरनी. पाप लागी ते माले लागी."

"पण यंत्र कशाला काढलंत?"

सुगंधाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "तूच सांगं व्हतं ना? दवाखानामा, मनासमोर. 'डबी काढली किंवा बंद पडली की आम्हाला इथं लगेच कळतं, लगेच फोन येईल.' भाऊ गया नि ती हिरवी बत्ती लुकलुक करी राहिंती. माले वाटनं, आते फोन यी. फोन उना का बठ्ठासले कळी. मंग मी ती मनी छातीले लाई लिधी. लुगडामा कोनले दिसस?"

ते ती सगळ्याच पेशंटना सांगायची. लोक खाज सुटते म्हणून डबी काढून खुंटीला टांगतात, आंघोळीला काढतात आणि विसरतात. मग तीन दिवस फुकट जातात. म्हणून ही धमकी. वर्षानुवर्षं देत आलेली, हसत हसत दिलेली. डबी कुणालाही फोन करत नव्हती. ती आपली मुकाट लिहून ठेवायची, एवढंच.

"आत्या," ती म्हणाली, आणि तिला हे बोलताना मनापासून लाज वाटली, "ते मी खोटं सांगितलं होतं. डबीनं काहीच कळत नाही. कुणाचाच फोन आला नसता."

सुगंधाबाईनं पालथा तांब्या उगाच सुलटा केला.

"उनाच नसता?"

"नाही."

"मंग मी भाऊना आंगवरथीन ते उगाच..." ती थांबली. मग एकदम तिनं मेघाचं मनगट धरलं. ओला हात थंडगार होता. "वहिनीले सांगू नको. ती रातभर मुंग्या काढत बठनी. मी सांगं म्हनीसन बठनी. तिले हाई कळाले नको."

"नाही सांगत. पण तुम्हाला एक ऐकावं लागेल. रविवारी रात्री तुमचं काळीज सहा तास बेताल चाललं होतं. आबांना झालं ते तुम्हाला होऊ शकतं. गोळी आहे त्याच्यावर. त्याआधी डॉक्टरांना तुमच्या नावानं नोंद हवी. सात दिवस डबी लावू, नीट, तुमच्या नावानं."

"नही."

"आत्या!"

"कोन इचारी, 'कसं कळनं?' ते काय सांगू? साठ मानसं सूतकमा रोट खायी गयात, हाई सांगू? प्रेमराज गळामा दोरी घाली. नही माय. मना जीव गया ते जाऊ दे. सहासठ साल जगनू."

"भावाला लकवा मारला म्हणून बहिणीची तपासणी, एवढंच सांगायचं. ते खोटंही नाही."

"तू काय सांगशी त्यावर माले आते इस्वास नही," सुगंधाबाई शांतपणे म्हणाली. बावन्न तासांचं खरं, साडेसोळा तासांचं खरं, सगळं तिच्या पिशवीत कागदावर होतं आणि ज्या एका माणसाला ते पटायला हवं होतं, त्याच्यासमोर तिची पत संपली होती.

मागच्या दारात बांगडी नसलेला एक हात चौकटीवर टेकलेला होता. प्रमिलाबाई तिथं कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"वहिनी, तू..." सुगंधाबाई धडपडत उठली.

"आयकं मी." प्रमिलाबाई पायरी उतरून आल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदाच खोलीच्या बाहेर पडल्या होत्या, उन्हानं डोळे मिचकावत होत्या. "मी काय ह्या डबडासाठे बठनू व्हतू का, बाई? मना मानूस व्हता तो. फोन येवो नही तं ना येवो, मी बठतीच."

प्रमिलाबाईंनी नणंदेचा राखेचा हात आपल्या पदरानं पुसला. बोटं एकेक करून पुसली. मग त्या मेघाकडे वळल्या.

"लाव माय तुनी डबी. प्रेमराजले मी सांगसू काय सांगानं ते. एक जन गया मना हातमाथीन, दुसरी जाऊ देवाव नही मी."

सहा

पट्ट्या त्याच दुपारी लागल्या, पांढरी तार उजवीकडे, जिथं असायला हवी तिथं. मेघानं या वेळी कसलीही धमकी दिली नाही. एवढंच सांगितलं, की डबी काढलीत तर मला काही कळणार नाही आणि मग तुमच्यासाठी मला काही करताही येणार नाही. चांदभाई परतीच्या वाटेवर पारोळ्याजवळ म्हणाले, "मेघाताई, लोकांना भीती घालू नका हो. लोक फार मनावर घेतात."

आबांच्या फाइलमध्ये तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की रविवार दुपारी चार सातनंतरची नोंद या रुग्णाची नाही. कुणाची, ते लिहिलं नाही. डॉक्टरांनी खाली सही केली.

पुढच्या शुक्रवारी नोंद उघडली तेव्हा पहिले चार दिवस निर्मळ होते. मेघा भराभर पुढं सरकत गेली, कारण नुसतं सात दिवसांचं शहाणपण हाती आलं असतं तर सुगंधाबाईला पुन्हा कुणी यंत्राजवळ बसवू शकलं नसतं. पाचव्या दिवशी पहाटे तीनच्या सुमाराला ठोके बिथरले. तीन तास ते तसेच ठेचकाळत चालले आणि उजाडल्यावर काहीच झालं नाही असे सरळ झाले. डॉक्टरांनी नाव वाचलं, वय वाचलं आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या चांदभाईंनी त्याच दिवशी पोचवल्या.

सुगंधाबाई सासरी परत गेली नाही. प्रमिलाबाईंनी तिला जाऊ दिलं नाही. परक्या लेकीला माहेरी किती दिवस ठेवायचं, असं भाऊबंदांत कुणीतरी म्हणालं, तेव्हा प्रेमराजच त्याच्या अंगावर धावून गेला, असं पुनमनं फोनवर सांगितलं.

महिन्याभरानं मेघानं गोळी नियमित चाललीय का विचारायला भर दुपारी फोन लावला. तो प्रमिलाबाईंनी उचलला. त्या कुजबुजत बोलत होत्या.

"सकायनी बी दिधी, रातनी बी देस. मीच देस."

"आणि त्या कशा आहेत? जरा देता का फोन?"

"झोपेल शे ती." पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मेघानं हॅलो म्हटलं तरी नाही. मग प्रमिलाबाईंचा श्वास सुटल्याचं ऐकू आलं.

"हात ठेईसन दखं तिनी छातीवर," त्या म्हणाल्या. "चाली राहिनं."